नागामिनेचं गाणं

नागामिनेचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही, असं मी हिवाळ्यातच सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. लाँड्रीत कपडे टाकायला येणाऱ्या गिऱ्हाइकांनासुद्धा. तरी एक शहाणा आपला ओव्हरकोट काउंटरवर ठेवता ठेवता म्हणालाच, "मोरिवाकी काकू, शेवटी खेळाडूलाही पोट असतं हो." मी त्याचा कोट तसाच परत सरकवला. म्हटलं, "पोट आहे तसे पायही आहेत ना तुम्हाला? मग दुसरी लाँड्री बघा." आमचे हे आतून इस्त्रीच्या वाफेतून म्हणाले, "शिझुए, अगं गिऱ्हाईक आहे ते." असू दे की. मी काही चुकीचं बोलले नव्हते.

नोव्हेंबरात आमच्या इवाहामा गावच्या हेरॉन्स या बेसबॉल संघाचा चाहत्यांच्या आभाराचा दिवस असतो. मैदानात उभा राहून, हातात माइक घेऊन, आम्हा सगळ्यांसमोर तो नागामिने म्हणाला होता, "माझे गुडघे जातील, तेव्हाच मी इवाहामा सोडेन." मी ढसाढसा रडले होते. कोवळ्या मिशा होत्या तेव्हापासून आम्ही या पोराला बघत आलो. चेंडू हुकला की कान लाल व्हायचे त्याचे. आणि डिसेंबर उजाडला नाही तोच टीव्हीवर हा ग्रिफिन्सची टोपी घालून हसतोय! ग्रिफिन्स! सगळ्यांचे चांगले खेळाडू पळवणारा संघ. गुडघे अगदी शाबूत होते मेल्याचे.

त्या दिवशी मी त्याच्या नावाचा शर्ट काढला आणि पाठीवरचं एकेक अक्षर उसवलं. बाकीच्या बायकांनी नुसती चिकटपट्टी लावून नाव झाकलं. पण मी लाँड्रीवाली, मला असलं अर्धवट काम चालत नाही. उसवून झालं आणि बघते तर काय, अक्षरांखालचं कापड बाकीच्यापेक्षा गडद! इतकी वर्षं ऊन लागलं नव्हतं ना त्याला. नाव उसवूनही स्पष्ट वाचता येत होतं. दोनदा रंगवला, तरी जाईना. शेवटी कपाटाच्या तळाशी कोंबला.

पण शर्टाचं सोडा. खरं दुःख गाण्याचं होतं.

आमच्याकडे प्रत्येक फलंदाजाचं आपलं एक गाणं असतं. तो मैदानात आला की आमचं चाहत्यांचं पथक ट्रंपेट आणि ढोलावर ते वाजवतं आणि प्रेक्षकांची अख्खी उजवी बाजू, म्हणजे आमची बाजू, उभी राहून गाते. ही गाणी संघ करत नाही, पथकातली माणसंच बसवतात. आणि रिवाज असा की माणूस संघ सोडून गेला की त्याचं गाणं संपलं. ते दुसऱ्याला देत नाहीत, पुन्हा वाजवत नाहीत. नागामिनेचं गाणं आमच्या ह्यांनी केलं होतं. दुकानातच, पायाने प्रेसची पट्टी दाबत, वाफेच्या फुस्स-फुस्सवर ताल धरून. आयुष्यात एकच गाणं केलं या माणसाने. नंतर समोरचे दात गेले, कवळी आली, ट्रंपेट फुंकणं बंद झालं. तरीही पथकातले इतर लोक ते गाणं वाजवायचे आणि हे मांडीवर हात ठेवून बसायचे. मैदानात त्यांचं म्हणून तेवढंच उरलं होतं. नागामिने गेला आणि जाताना तेही घेऊन गेला. त्याला मी माफ करीन? शक्यच नाही.

हे मात्र गप्प. एक शब्द नाही. मी म्हणायचे, "अहो, तुम्हाला काहीच कसं वाटत नाही? चार शिव्या तरी द्या." तर म्हणायचे, "शिव्या देऊन काय होणार?" मला वाटलं दुःख गिळतोय बिचारा. मी त्यांना आठवडाभर त्यांच्या आवडीचा मासा करून घातला.

आणि बघा नशीब, यंदाच्या मोसमाचा पहिलाच सामना आमच्या मैदानात, आणि तोही ग्रिफिन्सशी. दुपारचा सामना होता. आम्ही सकाळपासून रांगेत. मी भाताचे गोळे केले होते, पथकाचे सगळे निळे अंगरखे आदल्या दिवशी कडक इस्त्री करून दिले होते. आमचे पथकप्रमुख इशिमारू-सान पायऱ्यांवर उभे राहून सगळ्यांना सूचना देत होते. हे आणि इशिमारू शाळेपासूनचे मित्र. एकाच बाकावरचे.

"ऐका रे सगळे! तो येईल तेव्हा ओरडायचं नाही. हुर्यो नाही. शिव्या तर मुळीच नाहीत. मोरिवाकी वहिनी, तुम्हाला सांगतोय."

"मी काय केलं अजून?"

"अजून नाही केलं म्हणूनच सांगतोय. तो आला की आपण सगळ्यांनी खाली बसायचं. ढोल बंद, ट्रंपेट खाली. शांतता. त्यालाही कळू दे आपण नसलो की कसं वाटतं."

कल्पना चांगली होती, कबूल करायला हवं. मला घसा फोडून ओरडायचं होतं, पण शांततेने जास्त लागेल हे मलाही पटलं. मी ह्यांना कोपराने ढोसलं. "कशी जिरते बघा त्याची." हे भाताच्या गोळ्याचा कागद उलगडत बसले होते. मग तो न खाताच पुन्हा गुंडाळला. मला वाटलं, नंतर खातील.

पहिल्याच डावात तो आला. आमच्या ओळखीची चाल, तसाच डावा खांदा झटकायची सवय, आणि अंगावर तो करडा परका पोशाख. आम्ही सगळे धपकन खाली बसलो. हजारो माणसं, पण कोणी साधं खाकरलं नाही.  मनात म्हटलं, घे आता.

आणि समोरून, डाव्या बाजूच्या ग्रिफिन्सच्या गर्दीतून, ट्रंपेट वाजले.

पहिले दोन सूर ऐकले आणि मी म्हटलं, भास झाला. तिसऱ्या सुराला भास नव्हता. तेच गाणं! आमचं गाणं! शब्द बदलले होते. आम्ही म्हणायचो, "उचल, उचल, बंदरापलीकडे उचल, नागामिने!" त्यांनी बंदर काढून तिथे ढगांना घातलं होतं. पण चाल तीच, सुरासुराने तीच, आणि गाणारे ते!

त्यापुढे जे झालं ते सांगायचीही लाज वाटते. आमचा ढोलवाला कुसाकाबे इतकी वर्षं त्या सुरांवर ढोल वाजवत आलेला. त्याचा हात थांबेना. दोन सुरांनंतर जिथे ढोल पडायचा, तिथे त्याने बरोब्बर दणदणीत टोला हाणला. आणि ढोल ऐकल्याबरोबर आमची निम्मी बाजू ताडकन उभी! संघाचे टॉवेल वर, तोंडं उघडी, "उचल, उचल..." म्हणून गायलाही लागली. आमच्या मैदानात, आमचंच पथक, शत्रूच्या फलंदाजासाठी! इशिमारू-सान वेड्यासारखे हात हलवत ओरडत होते, "बसा! बसा रे गाढवांनो! कुसाकाबे, अरे फोडीन तुझा ढोल!" कुसाकाबे ढोलाच्या काठ्या पाठीमागे लपवून रडवेल्या तोंडाने म्हणाला, "मी नाही हो, हातच वाजवतात!"

तेवढ्यात नागामिनेने चेंडू दोघा क्षेत्ररक्षकांच्या मधून सणसणीत काढला आणि आरामात दुसऱ्या तळावर जाऊन उभा राहिला. कान लाल झाले होते का, ते एवढ्या लांबून दिसलं नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खेळाडू जातात, ठीक आहे, जा बाबा. पण गाणं? गाणं उडत नाही जात. दुसऱ्या पथकाला आपली चाल हवी असेल तर करणाऱ्याकडे यावं लागतं, वाकून मागावं लागतं. न विचारता कोणी घेत नाही, ग्रिफिन्सचे असले तरी तेवढी रीत पाळतात. म्हणजे कोणीतरी दिलं होतं. आमच्यातल्याच कोणीतरी.

"फितूर आहे आपल्यात!" मी उभी राहून ओरडले. "कोण आहे तो? समोर आणा त्याला! आमच्या ह्यांचं गाणं परस्पर देऊन टाकलं! ह्यांना विचारलंसुद्धा नाही!"

आजूबाजूच्या बायका माना डोलवत होत्या. "खरंच हो काकू." "काय माणसं असतात!" मला आणखी चेव आला. त्याचा अंगरखा फाडा, त्याला पथकातून हाकला, त्याचे कपडे मी जन्मात धुणार नाही, जे तोंडाला आलं ते बोलत सुटले. हे माझा अंगरखा खालून ओढत होते.

"शिझुए. बस खाली."

"का बसू? तुमचंच गाणं आहे ना? तुम्हाला राग येत नाही, मला येतो!"

"शिझुए, मी दिलं."

गोंगाट एवढा होता की मला वाटलं नीट ऐकू आलं नाही. मी वाकले. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, माझ्याकडे न बघता, मैदानाकडे बघत.

"जानेवारीत तू तुझ्या बहिणीकडे गेली होतीस ना. त्यांचा पथकप्रमुख दुकानात आला होता. चांगला माणूस आहे. वाकून नमस्कार केला. नागामिनेनेच त्यांना विनंती केली होती म्हणे. दुसरं गाणं नको, हेच मिळतं का बघा म्हणाला."

"आणि तुम्ही दिलं."

"एकही सूर बदलायचा नाही, या अटीवर."

माझं डोकं दुसरीकडेच गेलं. "थांबा. जानेवारीत मी आले तेव्हा घरात ती लाल डाळीच्या गोड वड्यांची पेटी होती. तुम्ही म्हणालात गिऱ्हाइकाने दिली."

ते भाताच्या गोळ्यांची पिशवी उगाचच आवरायला लागले.

"ती त्याने आणली होती?"

"हो."

"मी खाल्ली ना हो ती! आवडीने खाल्ली! शेवटची वडी तुम्हाला अर्धी देऊन खाल्ली!"

त्या क्षणी मला नागामिनेचा राग आठवेना. तो काय, परका मुलगा. टीव्हीवर हसला आणि गेला. पण हा माणूस रोज माझ्या समोर बसून जेवत होता. मी तीन महिने त्याच्या वतीने भांडत होते, गिऱ्हाइकं तोडत होते, अक्षरं उसवत होते, आणि हा माझ्या पाठीमागे शत्रूची मिठाई कपाटात ठेवून, मी केलेला मासा खात होता.

"मला का नाही विचारलं?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हटलंच असतं!"

"म्हणून नाही विचारलं."

आणि नेमके तेव्हाच इशिमारू-सान पायऱ्या चढून आमच्या रांगेशी आले. घामाघूम झाले होते. टोपी काढून ह्यांच्यासमोर वाकले. "मोरिवाकी, माफ कर रे. माझ्या पथकात हे झालं. तुझं गाणं. कोणी केलं ते मी शोधून काढतो, तुला शब्द देतो." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. हे मान खाली घालून बसले. एवढं ऐकून तरी तोंड उघडतील असं मला वाटलं. नाही उघडलं.

मी गप्प बसू शकले असते. घरी गेल्यावर काय ते भांडलो असतो. नवराबायकोचं होतं, दोघांत राहिलं असतं. पण मला गप्प बसवेना. मला वाटलं, मला जसं लागलंय तसं यांनाही सगळ्यांसमोर लागू दे.

"शोधायला लांब जाऊ नका," मी म्हटलं. "हा काय इथे बसलाय. यांनीच दिलं."

इशिमारू-सानना आधी कळलंच नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे. हे उठले. कमरेत वाकले, खूप खाली, आणि बराच वेळ तसेच राहिले. मग दंडावरची पथकाची पट्टी काढली, अंगरखा काढला, माझीच इस्त्री होती त्यावर, त्याच घडीवर नीट घडी घातली आणि इशिमारूंच्या हातात दिला.

"का रे?" इशिमारू-सान एवढंच म्हणाले. "मला तरी सांगायचंस."

 हे रांगेतल्या लोकांचे गुडघे चुकवत, प्रत्येकाला "माफ करा, माफ करा" म्हणत बाहेर पडले आणि पायऱ्या उतरून गेले. शेजारच्या बाईने मला न विचारता थर्मासमधला चहा ओतून दिला. मी प्यायले. गरम होता की गार, आठवत नाही.

खेळ चालू राहिला. आमच्या मुलांनी दोन धावा काढल्या, त्यांनी एक काढली. नागामिने पुन्हा एकदा आला, पुन्हा ते गाणं झालं. कुसाकाबे या वेळी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होता, आणि बाद झाला नागामिने. सगळ्यांनी मला पाठीवर थोपटलं. मला आनंद झाला नाही. आठव्या डावात मी म्हटलं, जरा जाऊन येते, आणि खाली उतरले.

ते घरी गेले असतील असं वाटलं होतं. नव्हते गेले. जिन्याखालून मैदानाकडे एक बोळ निघतो, तिथे कठड्याला टेकून नुसत्या स्वेटरवर उभे होते. तिथून आमची बाजू दिसत नाही, डोक्यावर असते. समोर पूर्ण मैदान आणि पलीकडे ग्रिफिन्सची गर्दी.

"सर्दी होईल," मी म्हटलं. सवयीने निघून गेलं तोंडातून.

"अगं तो येईल आता. एक गडी तळावर आहे."

मी त्यांच्या शेजारी उभी राहिले. बोलायचं नाही असं ठरवलं होतं. तेच बोलले.

"तो सोडून गेला, मान्य. पण त्याच्याबरोबर माझं गाणं का मारायचं, शिझुए? मी कुठे सोडून गेलो होतो?"

 मी आणखी चिडले. "म्हणून त्यांना द्यायचं? त्यांना?"

"दुसरं कोण वाजवणार होतं?" मग म्हणाले, "आणि खरं सांगू? मी ते कधी ऐकलंच नव्हतं. वाजवायचो तेव्हा कानात फक्त माझाच श्वास. दात गेल्यावर तुमच्या मधे बसायचो, तर कानाशी तू ओरडत असायचीस. लांबून, समोरून, एवढ्या माणसांच्या तोंडून कसं येतं ते... मला एकदा ऐकायचं होतं."

तोवर नागामिने आला. आमच्या डोक्यावरची बाजू एकदम शांत झाली. पलीकडून ट्रंपेट सुरू झाले, आणि वाऱ्याबरोबर मैदानावरून ते गाणं आमच्याकडे आलं. आत बसून गाताना मला ते नेहमी लढाईचं वाटायचं. इथे तसं नव्हतं. मोठं होतं, आणि थोडं उदास. हे इतकं चांगलं आहे, हे मला पहिल्यांदा कळलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तिसऱ्या ओळीला घाई करतात मेले," मी म्हटलं.

"करतात ना? मलाही तेच वाटलं," असं म्हणून ते हसले.

आणि नागामिनेने तो चेंडू उचलला. आवाजावरूनच कळलं. आमचा क्षेत्ररक्षक भिंतीपर्यंत पळाला आणि मग नुसता वर बघत उभा राहिला. चेंडू आमच्याच लोकांत जाऊन पडला. डोक्यावरून हजारो माणसांचा एक लांबलचक सुस्कारा खाली आला. दोन धावा. सामना गेल्यात जमा होता.

मी ह्यांच्याकडे वळले, तर त्यांचे दोन्ही हात वर! डोक्याच्याही वर, मुठी आवळलेल्या, चेहरा लहान पोरासारखा उजळलेला. लग्नाला इतकी वर्षं झाली, किती सामने पाहिले, किती जिंकलो, पण या माणसाला मी हात वर केलेलं कधी पाहिलं नव्हतं. पूर्वी त्यांच्या हातांत ट्रंपेट असायचा, आणि नंतर ते मांडीवर असायचे. पहिल्यांदा वर गेले ते आज, आमच्या मैदानात, आम्ही हरलो म्हणून.

मी दोन्ही मनगटं धरून हात खाली ओढले. "खाली करा. कोणी बघेल."

त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं. हातांकडे बघत राहिले. मग चेहरा विझला आणि म्हणाले, "शिझुए, मी... हातच गेले वर."

"कुसाकाबेही तेच म्हणाला."

"घरी जाऊ या का?"

"तुम्ही जा," मी म्हटलं. "तुमचं झालं. तुमचा माणूस जिंकला. माझा संघ अजून खेळतोय."

 माझा हात मात्र अजून त्यांच्या मनगटावर होता. तो मी काढून घेतला आणि पायऱ्या चढून वर गेले. रांगेतल्या लोकांनी गुडघे आवरून मला वाट दिली. ह्यांची जागा रिकामी होती, तिच्यावर मी माझी पिशवी ठेवली. आता आमची पाळी होती, आमचा फलंदाज येत होता. कुसाकाबेने ढोल उचलला आणि मी सगळ्यांच्या आधी उभी राहिले.